केंद्राला विचारून पाहणं

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही या, पाय दुखत असतील तर खुशाल पसरा, कोणी काही म्हणणार नाही. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही, कोणी कुणाचा सूड उगवत नाही. जपानमधल्या कानाझावा शहरात सानाए मुरोया नावाची एक बाई राहते, पन्नाशीला टेकलेली, तिची ही गोष्ट. ती सुरू होते मोबाइलच्या दुकानात, एका साध्या प्रश्नावरून. शेवटपर्यंत ऐका. शेवटी तुमच्यापाशी एक मागणं आहे.

प्रश्न काउंटरपलीकडच्या मुलीनं विचारला. किताबायाशी असं तिच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. सानाए अशाच एका काउंटरच्या त्या बाजूला बसायची तेव्हा ही मुलगी नुकती रांगायला लागली असेल. जुनं जाळं पुढच्या वसंतात कायमचं बंद होणार, घडीचे फोन मुके होणार, अशी पत्रं कंपनीकडून कितीतरी दिवस येत होती. सानाए ती वाचायची, घडी घालून चहाच्या डब्याखाली ठेवायची आणि तिथेच विसरून जायची. पण ऑक्टोबर उजाडला, बागेतल्या पाइनच्या झाडांना बर्फाच्या ओझ्यासाठी दोर बांधायची माणसं शिड्या घेऊन आली, आणि तिला वाटलं, आता टाळण्यात अर्थ नाही. नवा फोन कसला का असेना, काळा असो, पांढरा असो, तिची मागणी एकच होती. पत्ता तोच राहायला हवा. मेलचा पत्ता. किताबायाशी हसून म्हणाली होती की कंपनी तीच आहे तर पत्ता जाईल कुठे, तो तुमच्या मागोमाग येतो. तरी सानाएनं तेच पुन्हा विचारलं, आणि मुलीनं पुन्हा तेच सांगितलं, न कंटाळता, दुकानात शिकवतात त्या आवाजात. सानाएला तो आवाज ओळखीचा होता. तो घशाच्या वरच्या बाजूनं काढायचा असतो. मग मुलगी स्क्रीन बघत जुन्या सोयी एकेक करून नव्या फोनवर चढवू लागली, आणि एका ओळीशी थांबली. "मुरोया-सान, हे आहे तसंच पुढे न्यायचं ना?" असं म्हणून तिनं स्क्रीन सानाएकडे वळवली. ओळ एवढीच होती: फक्त मोबाइलवरून पाठवलेले मेल घ्यावेत, बाकीचे परत करावेत. आणि शेजारच्या चौकोनात एक बारीक खूण.

सानाएनं ती खूण पाहिली. आधी काहीच झालं नाही. दुकानात कुठेतरी नंबर पुकारला गेला, एक आजोबा उठून उभे राहिले. मग तिच्या हातापायांतून ऊब निघून गेली, जशी अंघोळीच्या पाण्यातून बाहेर पाऊल टाकताच जाते. कारण खूण तिच्याच हातची होती. कोणत्या दिवशीची तेही तिला आठवलं, त्या दिवशीचा वाससुद्धा, नव्या फोनांच्या खोक्यांतून येणारा तो प्लास्टिकचा गोडसर वास. त्या काळात मुसाशी चौकातल्या दुकानाबाहेर सकाळी शटर वर जायच्या आधीच माणसं उभी असायची. दर ऋतूला नवे फोन यायचे, जसे मिठाईच्या दुकानात ऋतूप्रमाणे नवे आकार येतात. कॅमेऱ्याचा आला, मग गाणं वाजणारा, मग खिशातले पैसे आत ठेवून स्टेशनच्या फाटकाला टेकवायचा. लोक म्हणत, आता फोनमध्ये काय चहा करायचीच सोय राहिलीय. शाळकरी मुली फोनपेक्षा जड अशा बाहुल्या आणि घुंगरं त्याला लटकवून यायच्या. आणि पत्ते द्यायचे-घ्यायचे तर लाल प्रकाशाची ती सोय होती. दोघांनी आपापले फोन डोक्याला डोकं लावून धरायचे, वाकून नमस्कार केल्यासारखे, आणि हलायचं नाही. अनोळखी माणसंही त्या वेळेपुरती श्वास रोखून जवळ उभी राहायची. सानाएला ते फार आवडायचं. इतकी माणसं एकमेकांना सापडताहेत आणि मधे आपण बसलो आहोत, असं तिला वाटायचं. देवळात वाढलेल्या मुलीला दुसरं काय वाटणार!

देऊळ नोतोच्या किनाऱ्यावर होतं, लहानसं, समोर समुद्र. तिचे वडील एन्र्यू तिथले पुरोहित, पण त्यांची खरी ओळख गळ्याची. गाऊन प्रवचन सांगणारी माणसं तेव्हाच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. साध्या बोलण्यातून सुरुवात करायची, शेतीच्या, सुनेच्या, माशांच्या भावाच्या गप्पा मारत माणसांना हसवायचं, आणि मग कुठल्या क्षणी बोलण्याचं गाणं झालं ते ऐकणाऱ्याला कळूही द्यायचं नाही. गाणं उंच जाऊन तिथेच टांगलं राहायचं, आणि खालून, सभेतून, म्हाताऱ्या बायांच्या ओठांतून अमिदा बुद्धाच्या नामाचा गलबला उठायचा, लाट वाळूवर येते तसा. एन्र्यू म्हणत, प्रवचनाचा अर्धा श्वास ऐकणाऱ्यांचा असतो. हाक आपली, ओ त्यांची. घरातही त्यांचा तोच नियम होता. कोणी हाक मारली की आधी ओ द्यायची, काम काय ते मग विचारायचं. सानाएचा धाकटा भाऊ एजुन न्हाणीघरातून, परसातून, गच्च भरलेल्या सभेतूनही "ताई!" म्हणून ओरडायचा, काम काही नसायचंच, नुसती तिची ओ ऐकायची असायची त्याला. तीही चिडून चिडून, पण द्यायची. आणि प्रवचन संपलं की एन्र्यूंची एक रीत होती. ते थांबत, सभेकडे पाहत आणि म्हणत, आज जो इथे नाही त्याची आठवण ठेवून घरी जा. मग एकच नाव घेत. कधी समुद्रात गेलेल्या कोळ्याचं, कधी तुरुंगात असलेल्या कुणाच्या मुलाचं, एकदा तर गावाची वर्गणी घेऊन पळालेल्या खजिनदाराचं. माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारत, पण नाव घेत.

गळा एजुनला मिळाला होता. सगळ्यांनी धरूनच चालायचं की पुढचं प्रवचन त्याचं. चोविसाव्या वर्षी शेजारच्या गावच्या देवळात तो गायला बसला आणि ऐन वरच्या सुरावर, खालून नामाचा गलबला सुरू झालेला असताना, गप्प झाला. उतरून सरळ घरी आला. सानाए तेव्हा सुट्टीवर घरी होती, ताटं मांडत होती. एजुननं वडिलांना सांगितलं, "बाबा, त्या बाया रडतात आणि मी नुसता गातो. मला आत काही वाटत नाही."

"मग नुसता गा," एन्र्यू म्हणाले. "वाटायचं काम त्यांचं."

हे त्यांनी प्रेमानं म्हटलं होतं की टोमणा मारला होता, हे सानाएला आजतागायत कळलेलं नाही. एजुनला तो टोमणा लागला. बोलण्यानं बोलणं वाढलं, शरद सरता सरता त्यानं सांगून टाकलं की तो जुन्या गाड्या परदेशात विकणाऱ्या एका माणसाबरोबर चिलेला निघाला आहे, इकिके नावाच्या बंदरावर. एन्र्यूंनी आयुष्यात प्रथमच सुराशिवाय आवाज चढवला. या दारातून गेलास तर या सभेत तुझं नाव कधी घेतलं जाणार नाही, म्हणाले. आणि सगळ्यांची नावं घेणाऱ्या माणसानं ते शब्द पाळले.

कानाझावाच्या स्टेशनवर सानाए त्याला पोचवायला गेली होती. बहीण-भावाकडे एकमेकांचे पत्ते होतेच, तरी एजुननं फोन काढून तिच्या फोनला लावला, डोक्याला डोकं. म्हणाला, निदान यांना तरी नीट निरोप घेऊ दे. त्याचा फोन तो त्याच दिवशी बंद करणार होता, तिकडे चालायचा नाही. तिकडून कुठल्यातरी कंप्युटरवरून लिहीन, म्हणाला, जागेवर स्थिरावलो की. सानाए म्हणाली, "बाबांचं राहू दे. तू मला लिही. मी कुठेही गेले, लग्न करून गेले, तरी माझा पत्ता बदलणार नाही." तिच्या फोनच्या पाठीवर एक इवलासा दिवा होता, ज्याचा मेल त्याचा रंग असा लावता यायचा. एजुनसाठी तिनं हिरवा लावून ठेवला होता. गाडी गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की कंप्युटरवरून आलेल्या नव्या पत्त्याला हिरवा रंग आपोआप लागणार नाही. तेवढं ध्यानात आलं. पुढे जे यायला हवं होतं ते आलं नाही.

पुढच्याच महिन्यात नको असलेल्या मेलच्या घाणीचा पूर आला. देशभरच आला होता. दिवसरात्र मेल, अनोळखी बायांचे, न घेतलेल्या कर्जाचे, न पाहिलेल्या चित्रांच्या बिलांचे. गिऱ्हाइकं दुकानात येऊन काउंटरवर फोन आपटायची. एक आजी तर रडायलाच लागली, कोणीतरी तिला नातवाच्या नावानं धमकावलं होतं. तेव्हा वरून सूचना आली की प्रत्येकाला ही सोय लावून द्या. घाण सगळी कंप्युटरवरून येते, तेव्हा मोबाइलवरून आलेलं घ्यायचं, बाकीचं दारातूनच परत. दुसऱ्याला लावून देण्याआधी आपल्याला जमायला हवं म्हणून सकाळच्या बैठकीत सगळ्या मुलींनी ती आपापल्या फोनवर लावून पाहिली. सानाएनंही. बोटं इतकी सरावलेली होती की मन कुठेतरी दुसरीकडेच होतं, दुपारच्या डब्यात असेल. त्या हिवाळ्यात तिनं किती माणसांच्या दारांना अशा कड्या घालून दिल्या कोण जाणे. लोक वाकून वाकून आभार मानत. फोन शांत झाले. सानाएचाही झाला.

मग वाट पाहणं. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको, पण तेव्हा मेल कधीकधी वाटेत अडकायचा, कंपनीच्या केंद्रात पडून राहायचा. म्हणून फोनात एक बटण होतं, ते दाबून धरलं की फोन केंद्राला विचारायचा, माझ्यासाठी काही आहे का? पडद्यावर एक पाकीट पंख लावून उडत जायचं आणि जरा वेळानं रिकामं परत यायचं. प्रेमात पडलेली पोरं ते बटण झिजवत. सानाएनं ते झिजवलं भावासाठी. लग्न झालं, दुकान सुटलं, हिरोसाका चढावर कपडे धुऊन देणाऱ्या एका दुकानाच्या काउंटरवर ती बसू लागली, नवरा हिदेहारु शहराच्या बसवर होता. तो घरातल्यांना मिळून सवलत देणाऱ्या दुसऱ्या मोबाइल कंपनीकडे गेला, पत्ता बदलेल म्हणून ही गेली नाही. सगळं जग काचेचे फोन बोटानं सरकवू लागलं, हिनं तोच घडीचा फोन दोनदा दुरुस्त करून आणला आणि बॅटरी बदलली. संध्याकाळी घरातल्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावायचा, नाम घ्यायचं आणि उठताना एप्रनच्या खिशातून फोन काढून केंद्राला विचारायचं. नवीन काही नाही. हिदेहारु वर्तमानपत्राआडून विचारायचा, "काय म्हणतायत अमिदा?" ती म्हणायची, "येतो म्हणतायत." हा त्यांचा रोजचा विनोद होता, आणि कोणत्या वर्षी त्यातलं हसू निघून नुसते शब्द राहिले ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

एजुननं आपल्याला तोडलं, असंच ती समजून चालली होती. तेव्हाची रीत तशीच होती. कोणी पत्ता बदलला की ओळखीच्या झाडून साऱ्यांना एक मेल जायचा, पत्ता बदललाय, नोंद घ्यावी. ज्याला तो मेल आला नाही त्यानं समजून जायचं. भांडण नाही, दोषारोप नाही, सभ्यपणे दार लावून घेणं. एक दिवस तुम्ही लिहिता आणि अर्ध्या मिनिटात उत्तर येतं, असा पत्ता नाही. त्या उत्तराला माणसं मरणाच्या बातमीपेक्षा भ्यायची, कारण मेलेल्या माणसानं निदान तुम्हाला निवडून गाळलेलं नसतं. सानाएला त्याचा नवा पत्ता कधी आलाच नाही, म्हणजे तिला गाळलं. असंच ती मानत आली होती, इतकी वर्षं.

आता त्या चौकोनातल्या खुणेकडे पाहत तिनं किताबायाशीला विचारलं, आवाज शक्य तितका सरळ ठेवून, की ज्याचा मेल असा परत जातो त्याला काय दिसतं? म्हणजे, अडवलं आहे असं सांगतात का त्याला?

"नाही, तसं नाही सांगत," मुलगी म्हणाली. आता तिचा आवाज घशातून खाली, स्वतःच्या जागेवर आला होता. "तसं कळलं तर ते लोक पुन्हा प्रयत्न करतील ना. त्यांना दिसतं की असा पत्ता नाही."

"आणि ते मेल? कुठे साठवलेले असतील?"

"नाही हो मुरोया-सान. आत आलेच नाहीत, तर साठवणार कुठे." मग जरा थांबून, पुढे झुकून तिनं विचारलं, "कोणी... कोणाचा यायचा होता का?"

सानाए हसली. एखाद्या गिऱ्हाइकापुढे हसतात तशी. म्हणाली, ती खूण काढून टाका. मुलगी चपापली. आजकाल तर पूर्वीपेक्षा वाईट आहे, म्हणाली, बँकेच्या नावानं येतात, पार्सलच्या नावानं येतात, सगळं उघडं ठेवलं तर लुबाडले जाल, निदान अमुक एवढं तरी अडवू या. सानाए म्हणाली, काही अडवायचं नाही. दार सताड उघडं ठेवायचं. मुलीनं खूण काढली. जुना फोन परत घेताना सानाएनं सवयीनं बटण दाबून धरलं, पाकीट उडालंच नाही. त्याचं जाळं त्याच्यापासून नुकतंच काढून घेतलं होतं.

असानो नदीच्या काठानं ती घरी निघाली तेव्हा वळचणींना सोललेल्या पर्सिमन फळांच्या माळा वाळत घातलेल्या दिसत होत्या, आणि ती भावाचा विचार करत नव्हती, वडिलांचा करत होती. एन्र्यू जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. त्यांचं सगळ्यात गाजलेलं आख्यान एका विधवेचं होतं. नोतोच्या टोकावर, धुक्याच्या दिवसांत, ती किनाऱ्यावर उभी राहून लाकडावर लाकूड आपटायची, मुलाची होडी चुकू नये म्हणून. गावकरी तिला येऊन सांगतात, बाई, बंद कर, तुझ्या ठोक्यांवर चाच्यांच्या होड्याही किनाऱ्याला लागतील. ती म्हणते, लागू देत. कोणाची होडी ते धुक्यात मला दिसत नाही, आणि आवाज काही माणूस बघून जात नाही. इथे एन्र्यूंचा सूर वर जाई आणि टांगून राही. एजुन गेल्यानंतरही ते हे आख्यान लावत. सानाए ऐकायला जायची आणि मनात म्हणायची, गाता काय बाबा, स्वतःच्या पोराला एक ठोका देववत नाही तुम्हाला. पण शेवटची रीत बदलली होती. आज जो इथे नाही त्याची आठवण ठेवून घरी जा, असं म्हणून एन्र्यू थांबायचे, आणि नाव घ्यायच्या आधी एक जागा रिकामी सोडायचे, एका नावाएवढी. मग दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायचे. त्या जागेत सभा श्वास रोखून असायची. सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या वर्षी, आवाज गेल्यावर, त्यांनी प्रवचन कुजबुजत केलं, आणि त्या रिकाम्या जागेत त्यांचे ओठ हलले. पुढे बसलेल्या सानाएनं ते पाहिलं. त्यांनी दिलेला शब्द मोडला नाही, कारण आवाज नव्हता. नदीच्या काठी तिला आता वाटलं, की त्यांची हाक आवाजाअभावी पोचली नाही आणि तिची ओ एका खुणेनं अडवली, आणि त्या दोघांच्या मधे, समुद्रापलीकडे, एक माणूस कोणाचं काय बिघडवलं म्हणून विचार करत म्हातारा होत असेल. मग तिला रस्त्यातच बसावंसं वाटलं, पण ओळखीची बाई दिसली म्हणून ती बसली नाही.

नवा फोन त्याच संध्याकाळपासून भरू लागला. रोखलेलं पार्सल, बंद पडणारं खातं, लागलेलं बक्षीस, तुमच्याविना व्याकूळ झालेली कोणी मिसाकी. हिदेहारु आधी हसला, मग वैतागला. टेबलावर फोन गुरगुरतच असायचा. "अगं, चोरांची वर्दळ लागलीय घरात," तो म्हणाला, "आता त्यांना चहाही कर." सानाएनं त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो उठला, खरंच चहाच्या भाजक्या देठांचा चहा केला आणि तिच्यासमोर आणून ठेवला. ती रोज संध्याकाळी, नाम घेऊन झाल्यावर, ती घाण उघडून वाचायची. एकेक. कुठल्या पत्त्यावरून आलं, कसं लिहिलंय, कुठे आपल्या माणसाचा एखादा शब्द आहे का. भामट्यांनी सारं मुळी काळजीच्याच भाषेत लिहिलेलं असायचं. तुमची आठवण येते. शेवटचं कळवतो आहोत. कृपया उत्तर द्या. वाचून वाचून तिला त्या मिसाकीची कीव यायला लागली. पण मनात ती पक्की होती की एजुननं लिहिणं केव्हाच सोडलं असणार. दार लावलेल्या घराची कडी कोणी इतकी वर्षं वाजवत नाही. आपण आता किनाऱ्यावर लाकूड आपटतो आहोत ते होडी कधीच दुसऱ्या बंदराला लागून विसरून गेल्यानंतर, हे तिला दिसत होतं. तरी ती आपटत राहिली, कारण थांबून हातांचं करायचं काय.

नोव्हेंबरात होओन्को आला, पंथाच्या संस्थापकांच्या स्मरणाचा उत्सव. नोतोचं देऊळ नववर्षाच्याच दिवशी झालेल्या भूकंपात कोसळलं होतं, आता तिथे दगडी पायऱ्या तेवढ्या वर चढत जातात आणि वर काही नाही. उत्सव तात्पुरत्या घरांच्या वस्तीतल्या पत्र्याच्या सभागृहात होता. उकडलेल्या अळकुड्या आणि लाल अझुकी चवळीची वाटी हातात, बाहेर हिवाळ्यातल्या ढगांची पहिली गडगड, ती ऐकून म्हातारे म्हणाले, आली, थंडीतली ती बुरी नावाची मासळी किनाऱ्याला आली. दुसऱ्या गावचा एक तरुण पुरोहित गायला बसला, एन्र्यूंच्या आवाजाच्या जुन्या फितींवरून शिकलेला. सूर कच्चा होता, ठिकठिकाणी घसरत होता. पण वरच्या जागी तो टांगला गेला तशी पत्र्याखालून नामाची लाट उठली, तीच, वाळूवर येणारी, आणि सानाएच्या तोंडूनही नाम आलं आणि तिला कळलं नाही की ते कोणाच्या हाकेला आलं.

परतीच्या बसमध्ये, अंधार पडू लागला असताना, तिनं फोन उघडला. बँक. पार्सल. पार्सल. मग एक, विषयाविना, पत्ता नुसत्या अक्षरांचा आणि आकड्यांचा. असले सगळ्यात घाणेरडे असतात, हे एव्हाना तिला अनुभवानं माहीत होतं. बोट पुसून टाकण्याच्या खुणेवर गेलं होतं. पण वाचल्याशिवाय काही टाकायचं नाही हा नेम होता, म्हणून तिनं उघडलं.

"ताई, हेही परत येईल. होओन्कोच्या सुमारास लिहायची सवय झालीय आणि अर्ध्या मिनिटात परत येण्याचीही. परत आलं की वाटतं, निदान तुझ्या दारापर्यंत जाऊन आलं. भूकंपानंतर बरेचदा लिहिलं, तेही परत आलं. बाबा असतील तर ऐंशीच्या पुढे गेले असतील. इथे आता उन्हाळा लागतोय. गुडघा दुखतो. परवा गॅरेजमध्ये गाडीखाली पडल्या पडल्या गात होतो, विधवेचं आख्यान, आणि वरच्या जागी आत काहीतरी वाटलं. सांगण्यासारखं कोणी नव्हतं म्हणून लिहिलं. एजुन."

सानाएनं ते वाचलं आणि वेळ पाहिली. आत्ताच आला होता, बस बोगद्यात असताना. म्हणजे तिकडे पहाट. म्हणजे तो या घडीला पडद्यासमोर बसलेला आहे, परत येणाऱ्या मेलची वाट पाहत. अर्धं मिनिट झालं. एक झालं. आला नाही. तो पडदा पुसत असेल. यंत्र बिघडलं असं त्याला वाटत असेल. मग हळूहळू दुसरं काही वाटायला लागलं असेल, आणि ते वाटू द्यायला तो भीत असेल. बसच्या काचेवर पाऊस-बर्फाचे थेंब आडवे धावत होते. किती लिहायचं होतं तिला. ती खूण, मुसाशीचं दुकान, बाबा गेले हे, त्यांचे हललेले ओठ, ते तर मेलमध्ये लिहायचंच कसं. काचेवर तिची बोटं चालत नव्हती, तिला बटणं लागत. बाजूच्या सीटवर एक शाळकरी मुलगी झोपली होती, म्हणून तिला मोठ्यानं रडताही येईना. तेव्हा तिनं आधी जे द्यायचं ते दिलं. एकच अक्षर लिहिलं, "ओ", आणि पाठवलं.

ते पोचलं, परत आलं नाही. एवढीच गोष्ट. पुढे ती दोघं काय बोलली ते त्यांच्यात राहू द्या. पण उठायच्या आधी माझं मागणं. बहीण-भाऊ एकमेकांना सापडले, त्यांचं ठीक आहे. आज जो इथे नाही तो एन्र्यू नावाचा म्हातारा, जगातल्या सगळ्यांची नावं घेणारा आणि एका नावाच्या जागी नुसताच थांबणारा, त्याची आठवण ठेवून घरी जा.